उणे चारशे बत्तीस सेकंद

रविवारी सकाळी सहा वाजून चोपन्न मिनिटे दहा सेकंदांनी अपेक्षा आठशे मीटर धावायला निघाली आणि त्याच दिवशी सकाळी सहा वाजून सेहेचाळीस मिनिटे अठ्ठावन्न सेकंदांनी पोचली. दोन्ही नोंदी माझ्या लॅपटॉपमधल्या आहेत. दोन्ही वेळा बटण मीच दाबलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं एका दैनिकाचं जिल्हा पान सांभाळलं आणि 'मृताने दिलेल्या तक्रारीवरून' असली वाक्यं छपाईला जाता जाता पकडली, त्याच्या नावावर अशी नोंद असणं बरं दिसत नाही. म्हणून झालं ते क्रमाने सांगतो.

अपेक्षा वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला आमच्या वरच्या खोलीत राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. तिचे वडील मधुकरराव यांचं देवळीला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. काउंटरवर घरचं माणूस हवं आणि ते माणूस अपेक्षा असावं, असं त्यांचं मत. तिचं मत वेगळं. शेवटी बापलेकीत तह झाला. भरतीत मुलींनी आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत काढलं की पूर्ण गुण मिळतात. तेवढ्या वेळात तिने वडिलांच्या डोळ्यांदेखत धावून दाखवायचं. जमलं तर भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, होईपर्यंत वर्ध्यात राहायचं. नाही जमलं तर सोमवारपासून देवळी. संधी एकच.

"भरतीत काय दोनदा धावू देतात?" मधुकरराव मला फोनवर म्हणाले. "आन् झाडे साहेब, त्या अंकुश सराच्या मोबाइलवर माहा भरोसा नाई जी. थो तिचाच सर. अंगठा जरासा लौकर दाबला का झाले दोन सेकंद कमी. कम्प्युटरवर पायजे."

अंकुश हा ग्राउंडवर पोरापोरींकडून सराव करून घेणारा मुलगा अत्यंत सरळ आहे. पण अंगठ्याचा मुद्दा बिनतोड होता. मी तिथल्या तिथे म्हणून गेलो, "मी करतो."

मंजुषा समोर बसून वालाच्या शेंगा निवडत होती. "काय करता?" तिने मान वर न करता विचारलं.

"प्रोग्राम लिहितो. वेळ मोजायचा."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला चौतीस वर्षं झाली की 'बरं' या शब्दाचे किती प्रकार होतात, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा.

निवृत्तीनंतर मी फुकटचे व्हिडिओ पाहून प्रोग्रामिंग शिकलो. आमची मयुरी पुण्याला हेच काम करते. तिचं काम नेमकं काय, ते लोकांना सांगता यावं एवढाच सुरुवातीला हेतू होता. पुढे गोडी लागली. हा प्रोग्राम अकरा ओळींचा झाला. निघताना बटण दाबलं की संगणकाने स्वतःच्या घड्याळात पाहायचं. पोचल्यावर दाबलं की पुन्हा पाहायचं. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा करायची आणि उत्तर सेकंदांत दाखवायचं. चौथीचं गणित. मी चार दिवस चाचण्या घेतल्या. कुकरच्या तीन शिट्या, पाचशे अठरा सेकंद. चौथी शिट्टी मोजत बसल्यामुळे वरण लागलं, पण नोंद अचूक होती.

मग मैदानाची परवानगी. आखलेला चारशे मीटरचा गोल आमच्या भागात एकाच शाळेच्या मैदानावर आहे. मी अर्ज नेला. विषय, एका मुलीस दोन फेऱ्या धावू देणेबाबत. तिथल्या बाबूंनी तो दोनदा वाचला.

"स्पर्धा आहे का?"

"नाही. एकच मुलगी धावणार आहे."

"मंग आमच्याकडं तसा नमुना नाई. स्पर्धेचा आहे, लग्नाचा आहे, शिबिराचा आहे."

"स्पर्धेचा द्या."

"स्पर्धेले दोन स्पर्धक लागतात. एक असन तं स्पर्धा कशी होईन? तुम्हीच सांगा."

अशा रीतीने आमच्या शेजारच्या विमलाबाई स्पर्धक क्रमांक दोन झाल्या. वय त्रेसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका. रोज पहाटे हातात जपाची माळ घेऊन फिरायला जातात. "मले धावा लागन का जी?" एवढंच त्यांनी विचारलं. चाललं तरी चालेल म्हटल्यावर त्यांनी फॉर्मवर सही केली आणि त्या दिवशी नवे बूट घालायचं ठरवलं.

शुक्रवारपर्यंत ही गोष्ट सगळ्या गल्लीला कळली होती. कोणी म्हणालं, सुरुवातीला शिट्टी नको, रुमाल हलवा, आवाज पोचायला वेळ लागतो. कोणी म्हणालं, बॅटरीचा भरवसा नाही, इन्व्हर्टर न्या. प्रफुल सर रोज येत होते. प्रफुल सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात आणि त्यांच्या खिशात कायम लाल पेन असतो. लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी चुका काढतात आणि मग आहेराचा विचार करतात. त्यांनी माझ्या अकरा ओळी तपासल्या आणि खाली 'छान' लिहिलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

मी एकच नियम केला, आणि आता त्याचाच सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो. मैदानावर दुसऱ्या कोणीही वेळ मोजायची नाही. मोबाइल खिशात. दोन नोंदी झाल्या की वाद होतात, आणि बातमीचा अधिकृत स्रोत एकच असावा, हे मी किती नवशिक्या वार्ताहरांना शिकवलं आहे. अंकुशने "काका, एक राहू द्या ना बॅकअप म्हणून" असं सुचवून पाहिलं. मी त्याचाही मोबाइल खिशात घालायला लावला.

रविवारी थंडी चांगली होती. मधुकरराव पहिल्या बसने आले. मफलर गुंडाळून, हात मागे बांधून ते रेषेजवळ उभे राहिले. अपेक्षा पाय मोकळे करत होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दोघंही माझ्या लॅपटॉपकडे पाहत होते. शाळेतून आणलेल्या बाकावर तो ठेवला होता. मी रुमाल हलवला आणि बटण दाबलं.

अपेक्षा सुटली. विमलाबाईही निघाल्या, पण उलट्या दिशेने.

धावण्याचा गोल डावीकडून घालतात. विमलाबाई चालल्या उजवीकडून. एक पोरगी जीव तोडून धावतेय आणि पुढच्या वळणावर समोरून नव्या बुटांत विमलाबाई येताहेत, हे दृश्य मला आधीच दिसलं. मी बाकावरून उठून त्यांच्यामागे पळालो.

"विमलाबाई! इकडून नाही, तिकडून!"

"प्रदक्षिणा कधी उलटी घालते का कोणं?" त्या न थांबता म्हणाल्या. "इतके वर्षं झाले फिरून राह्यली मी."

त्यांना वळवायला मला मिनिटभर लागलं. या मिनिटभरात बाकावर प्रफुल सर बसले होते. मी परत आलो तेव्हा अपेक्षा दुसऱ्या फेरीत होती. चेहरा लाल, मुठी आवळलेल्या. अंकुश आतल्या बाजूने ओरडत पळत होता. मधुकररावांचे मागे बांधलेले हात केव्हा सुटले ते त्यांनाही कळलं नसावं. शेवटच्या शंभर मीटरला ते "चाल माय, चाल!" असं पुटपुटल्याचं मी स्वतः ऐकलं. तिचं पाऊल रेषेवर पडलं आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. याबाबत माझ्या मनात आजही शंका नाही.

पडद्यावर आकडा आला. उणे चारशे बत्तीस.

अपेक्षा गवतावर आडवी पडली होती. "काका, किती?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

मधुकररावांनी वाकून पाहिलं. "ही आडवी रेघ कायची जी?"

"उणे आहे."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "निघाली त्याच्या सात मिनिटं बारा सेकंद आधी ती पोचली."

मधुकररावांनी त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "झाडे साहेब, बियाण्याची थैली रिकामी होते. रिकामीच्या खाली नाई जात."

तेवढ्यात प्रफुल सर म्हणाले, "पण आता तर घड्याळ बरोबर आहे ना काका. मी केलं ना दुरुस्त."

मी त्यांच्याकडे वळलो.

"दहा मिनिट पुढं होतं तुमचं," ते म्हणाले. चूक सापडल्यावर त्यांचा चेहरा नेहमी जसा उजळतो, तसा उजळलेला होता. "ग्रुपवर निकाल टाकाचा म्हणून मी माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडून दिलं, तं कोपऱ्यातली वेळ दिसली. म्हटलं, काकांसारख्या माणसाच्या लॅपटॉपवर चुकीची वेळ? एक बटण दाबलं, झालं दहा मिनिट मागं."

"केव्हा?"

"आत्ताच ना. ती धावून राह्यली होती तेव्हा. तुम्ही विमलाबाईच्या मागं गेल्ते."

इथे माझ्या घरातल्या एका प्रथेबद्दल बोलणं भाग आहे. आमच्याकडची सगळी घड्याळं पुढे असतात. दिवाणखान्यातलं दहा मिनिटं, स्वयंपाकघरातलं त्याहून थोडं जास्त, लॅपटॉपचंही दहा. हातात मजकूर असताना शेवटची दहा मिनिटं शिल्लक आहेत असं कळलं, तर त्या सुखासारखं सुख नाही. ही सवय घराला लागली आणि निवृत्तीनंतरही सुटली नाही. आपल्याकडे असं घर शोधून सापडणार नाही जिथे एक तरी घड्याळ मुद्दाम पुढे नाही आणि सगळ्यांना ते पुढे आहे हे माहीत नाही. आपण त्याला फसतो आणि वेळेवर पोचतो. इतकी वर्षं ही व्यवस्था बिनतक्रार चालली. पण कोणीतरी मधेच तिला खरं बोलायला लावलं, की ती अशी उलटते.

आम्ही सगळे आमच्या घरी आलो. मंजुषाने तर्री-पोहे केले होते. विमलाबाई मागाहून आल्या. त्यांनी दोन फेऱ्या चालून पूर्ण केल्या होत्या, त्या रेषेवर आल्यावर मी पुन्हा बटण दाबलं होतं आणि लॅपटॉपने त्यांची वेळ शहात्तर सेकंद दाखवली होती. प्रफुल सरांनी मोबाइलवर शोधून सांगितलं की आठशे मीटर इतक्या वेळात आजवर जगात कोणीही धावलेलं नाही.

"मले कागद देजो त्याचा," विमलाबाई म्हणाल्या. "नातवाले दाखवाचा आहे. थो म्हणते, आजी तू हळू चालतं."

मधुकरराव पोह्याला हात न लावता बसले होते. "हे पाहा," ते म्हणाले, "घड्याळ मागं केलं, ठीक. किती मागं केलं ते सांगा. तेवढं मिळवू. गणित सोपं आहे."

गणित सोपंच होतं. लॅपटॉप नेमका दहा मिनिटं पुढे असेल, तर सहाशेतून चारशे बत्तीस गेले, उरले एकशे अडुसष्ट. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. अपेक्षा पास. मी ते जाहीर केलं.

"दहा कुठून आलं?" मंजुषाने आतून विचारलं.

"मी दहा मिनिटं पुढे लावलं होतं."

"कशावरून लावलं?"

"दिवाणखान्यातल्या घड्याळावरून."

"ते बारा मिनिटं पुढे आहे. संक्रांतीपासून. मी दूधवाल्यावरून सांगते."

बारा धरलं तर अपेक्षाला दोनशे अठ्ठ्याऐंशी सेकंद लागले होते. इतका वेळ तर ती आजारी असतानाही घेत नाही, असं अंकुश कळवळून म्हणाला. प्रफुल सरांना बटण दाबण्याआधीची वेळ आठवत होती, पण फक्त मिनिटं. सेकंद नव्हते. विमलाबाई म्हणाल्या की चालताना त्यांचा चार माळा जप झाला आणि एका माळेला त्यांना पावणेतीन मिनिटं लागतात, त्यात देवही चूक काढू शकत नाही. त्यावरून हिशोब केला तर दहाच्या आत काहीतरी येत होतं. मात्र वळवताना त्या माझ्याशी बोलल्या, तेव्हा किती मणी ओढले गेले, हे त्यांना सांगता येईना.

अपेक्षा दाराशी बसून हे सगळं ऐकत होती. आठशे मीटर पायांनी धावून झाल्यावर तिचा निकाल आमच्या घड्याळांवर, दूधवाल्यावर आणि मण्यांवर लागत होता.

"बाबा, मी पुन्हा धावतो ना," ती म्हणाली. "आत्ता. थांबा, बूट घालतो."

"नाई. एकदा म्हणजे एकदा." मधुकरराव उठले. ते वाईट माणूस नाहीत. शब्दाला पक्के आहेत, आणि ते दोन्ही बाजूंनी. "तू काई हारली नाई अजून, आन् जितलीबी नाई. झाडे साहेब, तुम्ही हिशोब लावा. पक्का. तवापर्यंत राहू द्या तिले इथंच. मी दर शनिवारी फोन करत जाईन."

दारात थांबून त्यांनी उणे चारशे बत्तीस लिहिलेला कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. पुढे कळलं की तो दुकानात औषधाच्या कपाटावर चिकटवला आहे आणि फवारणीचा पंप घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात, "माही पोरगी. निघाच्या आधी पोचते."

त्या संध्याकाळी मी मयुरीला फोन केला. ती आधी पाच मिनिटं हसली. मोजली नाहीत, अंदाज आहे.

"बाबा, वाजले किती हे सांगणाऱ्या घड्याळावर मोजमाप करतात का कोणी? ते घड्याळ लोकांसाठी असतं. कोणी पुढे करतं, कोणी मागे, कधी ते स्वतःच इंटरनेटला विचारून सुधारतं."

"मग मोजायचं कशावर?"

"संगणकात दुसरं घड्याळ असतं. वाजले किती, ते त्याला माहीत नसतं. फक्त किती वेळ गेला, तेवढं सांगतं. त्याला कोणी मागे करू शकत नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी एक शब्द बदलायचा होता, बस."

अकरा ओळींत दोन शब्द. मी तेवढ्यासाठी वार्ताहरांना उभं करून बोललो आहे. प्रफुल सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा कागद परत मागवला आणि 'छान' खोडलं.

चार शनिवार गेले. दर शनिवारी नऊच्या सुमारास फोन येई. "लागला का जी हिशोब?" आणि मी म्हणे, "चालू आहे." खोटं नव्हतं ते. दिवाणखान्यातलं घड्याळ मी रोज रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहत होतो. अपेक्षा रोज अंधारात उठून जात होती. भरतीच्या ग्राउंडची तारीख अजून लागलेली नाही. अंकुशच्या मोबाइलवर तिची वेळ आता एकशे सदुसष्ट सेकंदांवर आली आहे, पण अंकुशचा मोबाइल तहात बसत नाही.

एका दुपारी ती जिन्यात भेटली. "काका, एक सांगू का? हिशोब लागला तं आधी मले सांगजा. मंग बाबाले."

"आणि बरा नसला तर?"

"तरी मले आधी." ती दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली. "तो काउंटर मी सातवीत असल्यापासून सांभाळतो काका. मले तिथं काई वाईट नाई वाटत. पण तिथं बसलं का समोरचा रोडच दिसते फक्त, सगळे कुठं कुठं जाऊन राह्यले ते."

काल मयुरीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, ते तुमचं प्रकरण मिटलं का? अहो, घड्याळ बदललं की लॅपटॉप स्वतः त्याची नोंद ठेवतो. किती होतं आणि किती केलं. सेकंदासकट. मला वाटलं, तुम्ही पाहिलं असेल."

मी पाहिलं नव्हतं. तिने सांगितलं तसं एकेक दाबत गेलो. खिडकीमागून खिडकी उघडल्यावर ती ओळ सापडली. त्या रविवारी सहा वाजून पंचावन्न मिनिटे एकतीस सेकंदांचे सहा वाजून पंचेचाळीस मिनिटे सत्तावीस सेकंद केले गेले. फरक, दहा मिनिटे चार सेकंद.

सहाशे चारातून चारशे बत्तीस. मी तीनदा केलं. एकशे बहात्तर. दोन मिनिटं पन्नासपेक्षा दोन सेकंद जास्त.

मंजुषा चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून तिने कागद वाचला. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"एकतीस वर्षांत किती बातम्या जागेअभावी ठेवून दिल्या तुम्ही?" तिने विचारलं.

"ठेवल्या. चुकीच्या छापल्या नाहीत."

"चुकीची छापा कोण म्हणतंय?" असं म्हणून ती कप ठेवून आत गेली.

मी तो कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. विमलाबाई आज सकाळी येऊन गेल्या. त्यांचं प्रमाणपत्र अजून बाकी आहे, आणि ते द्यायचं तर त्यांचाही आकडा सुधारावा लागेल. सहाशे ऐंशी सेकंद. त्यांना मी ते सांगितलं नाही. प्रफुल सर दारावरून जाताना "काही नवीन?" असं विचारून गेले. त्यांनाही नाही.

मधुकररावांचा फोन शनिवारी येतो. आज शुक्रवार आहे आणि अपेक्षा अजून ग्राउंडवरून परतलेली नाही.